न झाडलेली सकाळ

मंदाबाई बोरसे यांचे माहेर पारोळ्याच्या पुढचे एक खेडे. घरी म्हशी होत्या आणि गोठ्याचा एकच नियम होता: सूर्याने शेण बघता कामा नये. उजाडायच्या आत शेण उचलायचे, उतार झाडून काढायचा, ओल्या जागी राख टाकायची आणि मगच चूल पेटवायची. कळायला लागल्यापासून मंदाबाई हे करत आल्या. त्यांना बघायला भिकन बोरसे यांचे वडील आले, तेव्हा त्यांनी मुलीला म्हणे एकही प्रश्न विचारला नाही. ते थेट गोठ्यात गेले, वाकून जमिनीवर तळहात टेकवला, हात उलटा करून बघितला आणि बाहेर येऊन सुपारी मागितली. ही हकीकत मंदाबाईंनी मला अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी तिचा शेवट ठरलेला असतो.

"तो हात कोरडा निघाला ना साहेब, म्हणून मी सुरतला आली."

सुरतला म्हणजे लिंबायतला, एका खोलीत. भिकनभाऊ लूमवर, दोन पाळ्यांत. खोलीपुढे गोठा नव्हता, पण गल्ली होती. मंदाबाईंनी ती झाडायला घेतली. कुणी सांगितले नव्हते आणि कुणी थांबवलेही नाही. पुढे गोडादऱ्याला स्वतःचे दोन खोल्यांचे घर झाले, तिथेही तेच. लूमच्या खडखडाटात भिकनभाऊंचे कान हळूहळू गेले, मग कामही सुटले, आणि मंदाबाई आमच्याकडे सफाई कामगार म्हणून लागल्या.

आमच्याकडे म्हणजे भेस्तान ओलांडून पुढे, खाडीच्या बाजूला एक छोटे प्राणी उद्यान आहे. कापडाच्या धंद्यातल्या एका शेठने वडिलांच्या नावाने ट्रस्ट करून ते काढले. तिथले कार्यालय मी सांभाळतो. पगार, खरेदी, तिकिटे, परवानग्या हे माझे काम. जनावरांतले मला कळत नाही. पण मंदाबाईंच्या हाताखाली आलेले प्रत्येक आवार कसे होते ते मला कळत होते. हरणांच्या आवारात त्यांनी एक महिना काम केले आणि पाहुणे तिथे चपला काढायला लागले, असे आमचा जुना रखवालदार बन्सीलाल म्हणायचा. बन्सीलाल पक्ष्यांकडे असतो. तोही पारोळ्याकडचाच, त्यामुळे मंदाबाईंना वहिनी म्हणण्याचा आणि टोमणे मारण्याचा हक्क त्याने स्वतःकडे घेतलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका उद्यानाशी झालेल्या अदलाबदलीत आमच्याकडे तीन कॅपिबारा आले, एक नर आणि दोन माद्या. हा दक्षिण अमेरिकेतला प्राणी. उंदीर-घुशींच्या गणातला, कुरतडणारा, आणि त्या गणात जगात सर्वांत मोठा. पन्नास किलोच्या आसपास वजन, शेपूट जवळजवळ नाहीच, बोटांमध्ये थोडासा पडदा, आणि डोळे, कान, नाक डोक्याच्या अगदी वरच्या अंगाला, म्हणजे सगळे शरीर पाण्यात ठेवून तेवढेच बाहेर काढता येते. खाणे गवत. समोरचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. बघणारे लोक "अरे, केवढी घूस!" म्हणतात, नाहीतर डुक्कर म्हणतात. मंदाबाईंनी पहिल्या दिवशीच निकाल दिला.

"घूस कशाची? म्हैस आहे ही. शिंगं नाहीत एवढंच."

आणि तेव्हापासून ती जनावरे त्यांची झाली. मोठ्या मादीचे नाव त्यांनी भुरी ठेवले, धाकटीचे लाजरी. नराच्या नाकाडावर बिनकेसांचा एक काळा उंचवटा असतो, त्यातून वासाचा चीक येतो आणि तो झाडाझुडपांवर घासून नर आपली हद्द सांगतो. मंदाबाईंनी त्याला टेंगळ्या म्हटले. त्या हिरवे गवत स्वतः निवडून घालत. या जनावरांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातून द्यावे लागते, म्हणून रोज पेरूही असत. सुरतेत पेरूला जामफळ म्हणतात. भुरीला ते हातातून घ्यायला आवडे.

पहिल्या हिवाळ्यात भुरीला चार पिले झाली. कॅपिबाराचे पिलू जन्मतःच केस, दात आणि उघडे डोळे घेऊन येते, त्याच दिवशी चालते, आठवड्याभरात गवताला तोंड लावते. दोन्ही माद्या सगळ्यांना पाजतात, आपले-परके करत नाहीत. मंदाबाई खूश होत्या. पण गवत खायला लागली तशी पिले सुकत गेली. पोटे फुगलेली, पाठी वर आलेल्या. दीड महिन्यात चारही गेली.

आमच्या डॉक्टर स्वप्ना गजभिये या नागपूरकडच्या, वयाने तरुण, कामाला चोख. त्यांनी पोटे उघडून बघितली. आत न पचलेले गवत होते. जंतुसंसर्ग असावा असे वाटून त्यांनी स्वच्छता वाढवायला सांगितले. मंदाबाईंना यापेक्षा सोपी आज्ञा कुणी आयुष्यात दिली नसेल. कॅपिबारांची तळ्याकाठची शेड एकदा धुतली जायची ती दोनदा धुतली जाऊ लागली. फिनाइल आले, काथ्याचा ब्रश आला.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास भुरी पुन्हा व्याली. पुन्हा चार. दिवाळीपर्यंत त्यातली तीन गेली. उरले एक मादी पिलू. त्याचेही पोट फुगायला लागले होते. मंदाबाईंनी त्याला नाव ठेवले नाही. भिकनभाऊंनी एकदा मला सांगितले की घरी त्या दोन वेळा जेवायला बसत आणि दोन्ही वेळा पिलाबद्दलच बोलत. कानाने अधू माणसाला जोरात सांगावे लागते, त्यामुळे शेजाऱ्यांनाही पिलाचे पोट आज कसे आहे ते ठाऊक असे.

एक दिवस डॉक्टर माझ्या खोलीच्या दारात मंदाबाईंशी बोलत होत्या.

"मावशी, शेणाचा ताजा नमुना पाहिजे. तळ्यातून काढून देता तो चालत नाही, पाण्यात सगळं धुऊन जातं."

"ताजा कुठून देऊ, डॉक्टरताई? माझ्या शेडमध्ये राहतच नाही."

"रात्रभराचं असेल ना?"

"रात्रभराचं उजाडायच्या आत जातं."

"आणि सकाळचं?"

"पडलं की उचलते. माझ्यासमोर पडायची हिंमत नाही त्याची."

डॉक्टर हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "उद्या सकाळी मी येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज करता तसंच करा. माझ्याकडे बघू नका."

दुसऱ्या दिवशी पंप दुरुस्तीचा माणूस लवकर येणार होता म्हणून मीही तिथे होतो. अजून नीट उजाडले नव्हते. मंदाबाईंनी शेडचे दार उघडले, पाण्याची नळी ओढली आणि झाडू जमिनीवर दोनदा आपटला. तिन्ही मोठी जनावरे उठली आणि एकामागोमाग तळ्यात उतरली. बुडबुडे आले, मग नुसत्या नाकपुड्या वर आल्या.

"बघा," मंदाबाई कौतुकाने म्हणाल्या, "आंघोळीला सांगावं लागत नाही."

पिलू मागे राहिले होते. ते लटपटत भुरी बसली होती त्या जागी गेले. तिथे ओली विष्ठा पडली होती. पिलाने ती हुंगली आणि तोंड लावले.

"हट्! तुले लाज नही का?" मंदाबाईंनी झाडूच्या टोकाने त्याला बाजूला सारले. रागाने नाही, नातवाच्या तोंडातली माती काढावी तसे. दुसऱ्या हाताने नळी फिरवली आणि जागा स्वच्छ झाली.

"थांबा, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "हे रोज करतं का ते?"

"रोज. सगळी करायची. पहिली चारही करायची. लय वाईट खोड. मी सोडवत आणली होती."

डॉक्टर तिथेच ओल्या पायरीवर बसल्या. मग मंदाबाईंना शेजारी बसवले आणि समजावून सांगितले. मी जवळ उभा होतो, मला जेवढे कळले तेवढे लिहितो. गवत पचवायला अवघड असते. गाई-म्हशी रवंथ करतात. कॅपिबारा रवंथ करत नाही. त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक मोठी पिशवी असते, तिथे सूक्ष्म जंतू गवत कुजवतात. पण तिथून पुढे सत्त्व शोषून घ्यायला जागा उरत नाही, ते बाहेर जाते. म्हणून सकाळच्या शांत वेळी हे जनावर आपलीच मऊ विष्ठा पुन्हा खाते आणि दुसऱ्या फेरीत ते सत्त्व मिळवते. आणि पिलाच्या पोटात तर जन्मतः ते जंतूच नसतात. ते मोठ्यांच्या विष्ठेतून घ्यावे लागतात.

"दह्याला विरजण लागतं ना, तसं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या पोटात नुसतं दूध आणि गवत पडतंय. विरजण आपण रोज धुऊन टाकतोय."

मंदाबाई झाडूच्या काड्या सारख्या करत होत्या.

"आणि ते आंघोळीला जात नव्हते, मावशी. घाबरून जात होते. त्यांच्या जंगलात वाघासारखा जाग्वार आला की हे असेच पाण्यात शिरतात. पाच-पाच मिनिटं खाली राहू शकतात. सकाळी त्यांना निवांत बसायचं असतं, तेव्हाच आपण उठवतोय."

"म्हणजे ती गेली ती..." मंदाबाईंनी विचारले.

"स्वच्छता वाढवा असं मीच सांगितलं होतं. पोटात न पचलेलं गवत दिसलं तेव्हाच मला सुचायला हवं होतं."

"तुम्ही एकदा सांगितलं," मंदाबाई म्हणाल्या. "मी दोनदा धुतलं." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि नळ बंद करायला गेल्या.

त्या दिवसापासून नवा नियम झाला. सकाळी नऊपर्यंत शेडमध्ये कुणी पाऊल ठेवायचे नाही, पाणी नाही, झाडू नाही. फिनाइल कायमचे बंद. नऊनंतर साध्या पाण्याने धुवायचे, तेही एका कोपऱ्यातले तसेच ठेवून. मी मंदाबाईंची वेळ बदलून आठची केली. तरी त्या अंधारातच यायच्या. गोडादऱ्याहून पहिली रिक्षा धरण्याची सवय सुटत नव्हती. येऊन करणार काय? बादली उपडी टाकून शेडच्या दाराशी बसायच्या. तिसऱ्या दिवशी बन्सीलालने त्यांना पकडले. शेडच्या मागच्या बाजूची पट्टी ओल्या फडक्याने पुसून काढत होत्या.

"तिथं कुणी बसत नाही, बन्सीभाऊ. तिथलं चालतं."

"डॉक्टरताईंना सांगू?"

"नका सांगू."

"मग पारोळ्याला सांगू? बोरसेंच्या सुनेच्या गोठ्यात आठ वाजले तरी शेण आहे म्हणून?"

मंदाबाईंनी फडके त्याच्याकडे फेकले. मग झाडू आणि ब्रशही दिला आणि म्हणाल्या, "हे तुमच्या पोपटांच्या खोलीत कुलपात ठेवा. नऊला आणून द्या. मी मागितला तरी देऊ नका."

डॉक्टर सकाळी फेरी मारताना कधी कधी त्यांच्याजवळ थांबत. पिलू अजून सुधारत नव्हते, पण बिघडतही नव्हते. एकदा मंदाबाईंनी विचारले, "हे जगलं तर किती वर्षं जगेल?"

"जंगलात आठ-दहा वर्षं. इथे सांभाळलं तर बारापर्यंत."

"मग जंगलात कमी का?"

"तिथे तितकंही बहुतेकांना मिळत नाही, मावशी. तीन-चार वर्षांत कुणीतरी खातं. पाण्यात मगरी आणि मोठे साप, जमिनीवर जाग्वार. पिलांना तर वरून गिधाडंसुद्धा उचलतात. पहिलं वर्ष काढलं की मोठी गोष्ट. म्हणून तर ते कळपानं राहतात. एक जण कुत्र्यासारखा भुंकला की सगळे पाण्यात, पिलं मधे."

मंदाबाईंनी शेडकडे बघितले. "एवढे सगळे खाणारे, तरी तिथं वंश टिकला," त्या म्हणाल्या. "इथं खाणारं कुणी नाही. झाडू तेवढा होता."

त्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टर भावाच्या लग्नाला गावी गेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी पिलाने पहिल्यांदा मनासारखे खाल्ले होते, भुरीच्या मागे उभे राहून, कुणी न हटकता. पोट किंचित उतरल्यासारखे वाटत होते. डॉक्टर जाताना म्हणाल्या होत्या, "आता दहा दिवस मोडता घालू नका. आता लागलं तर लागलं."

आणि रविवारी पहाटेच शेठचा निरोप आला. मुलीचे लग्न ठरत होते, परदेशातले होणारे व्याही आले होते, त्यांना वडिलांच्या नावाचे उद्यान दाखवायचे होते. ऊन चढायच्या आत, आजच साडेसातला येणार. सगळे चकचकीत ठेवा. मी अंधारातच उद्यानात पोचलो.

मंदाबाई माझ्याकडे आल्या. "साहेब, धुऊ का?"

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. लग्नघरात फोन कोण उचलणार?

बन्सीलाल झाडू घेऊनच आला होता. "घ्या, वहिनी. आजचा एक दिवस. शेठचे सोयरे आहेत, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे. एका दिवसानं काय होतं?"

मंदाबाईंनी झाडूला हात लावला. घेतलाही. वजन बघावे तसा दोनदा हातात तोलला. त्या क्षणी मला वाटले, झाले, आता धुणार.

"दही लागायला ठेवलं की भांडं हलवतात का, बन्सीभाऊ?" त्यांनी झाडू परत दिला. "घेऊन जा. दिसेल असा ठेवू नका."

शेठ बरोबर वेळेवर आले. पांढरे कपडे, मागे व्याही, विहीणबाई, होणारा जावई. हरणे बघून झाली, सगळे खुशीत होते. कॅपिबाराच्या शेडजवळ येताच विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. रात्रभराचे सगळे तिथेच होते, शिवाय सकाळचे ताजे. भुरी आणि लाजरी मधोमध निवांत पसरल्या होत्या. मंदाबाई दाराशी उभ्या होत्या. हातात काही नव्हते, म्हणून हात मागे बांधले होते. भरल्या पंगतीत बिनआंघोळीचे उभे राहावे लागलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा होता.

"मंदाबेन, आ शुं छे?" हे काय, असे शेठनी हळू आवाजात विचारले. ते त्यांच्यावर कधी आवाज चढवत नाहीत.

"आज झाडलं नाही, शेठ."

"केम? का नाही झाडलं?"

"पिलू जेवून राहिलंय. नऊ वाजता झाडते."

सगळ्यांनी आत बघितले. पिलू भुरीच्या मागे पाय रोवून उभे होते आणि जे खात होते ते खात होते. जावयाने फोन काढला होता तो खिशात ठेवला. विहीणबाई "चलो, चलो" म्हणाल्या. शेठ मंदाबाईंकडे एकदा बघून पाहुण्यांना पक्ष्यांकडे घेऊन गेले. तिकडे बन्सीलालने पोपटांचे पिंजरे आरशासारखे करून ठेवले होते.

पाहुणे गेल्यावर मी मंदाबाईंना विचारले, "डॉक्टरांचा हुकूम आहे असं का नाही सांगितलंत? तुमच्यावर आलं नसतं."

"सांगितलं असतं तर शेठ म्हणाले असते, डॉक्टर आल्या की विचारू, तोवर धुऊन घ्या. मग काय केलं असतं मी?" त्या बादलीवर बसल्या. "एक बरं झालं. वाकून जमिनीला हात नाही लावला कुणी."

दुपारी शेठचा फोन आला. मी सगळे क्रमाने सांगितले, विरजणापर्यंत. त्यांनी ऐकून घेतले. लग्न मोडले का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही, पण तेच म्हणाले की व्याही सकाळपासून त्या पिलाबद्दलच बोलत होते, चांगले की वाईट ते कळले नाही. मग म्हणाले, "बोर्ड लगावी दो. लोकांना वाटतं आपण झाडत नाही."

डॉक्टर परत आल्या तेव्हा पिलाचे पोट सपाट झाले होते आणि ते गवतासाठी टेंगळ्याला ढकलत होते. मग तीन भाषांत फलक झाला. मजकूर डॉक्टरांनी सांगितला, मी लिहून काढला: या प्राण्याच्या पिलांना गवत पचवण्यासाठी मोठ्यांच्या विष्ठेतील सूक्ष्म जंतूंची गरज असते, म्हणून सकाळी नऊपर्यंत या शेडची सफाई केली जात नाही. रंगवायला देण्याआधी मी तो मंदाबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

"खाली अजून एक ओळ टाका, साहेब. नऊ वाजता झाडतात, म्हणून."

"ते यातच आलं की."

"आलं असेल. तरी टाका."

टाकली. ठळक अक्षरांत आहे.

पिलू आता वर्षाचे झाले आहे. वजन तीस किलोच्या वर गेले, आणि त्याला भवरी असे नावही मिळाले. मंदाबाईंच्या माहेरच्या एका म्हशीचे ते नाव. लाजरी गाभण आहे. मंदाबाई अजून पहिल्याच रिक्षाने येतात. घरची गल्ली अंधारातच झाडून झालेली असते, पूर्वीपेक्षा जास्त, असे भिकनभाऊ सांगतात. आल्यावर त्या बादली उपडी टाकतात आणि शेडकडे पाठ करून बसतात. समोर बघत बसणे अजून जमत नाही. नऊला पाच कमी असताना बन्सीलाल झाडू घेऊन येतो आणि त्या न बघताच हात मागे करतात.